गणपती पेठेतलं पाणी

पावसाळ्यात सांगलीत दोन ओळखीची माणसं भेटली की प्रकृतीची चौकशी नंतर होते. आधी प्रश्न येतो, "किती फूट?" कशाचे फूट, हे परक्या माणसानं विचारायचं नसतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात, तिचे ते फूट. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. हे दोन आकडे सांगलीच्या लहान पोरालाही पाढ्यांसारखे पाठ असतात. पुलाच्या कठड्याला ओणवून पाणी बघणारी गर्दी पावसाळाभर हलत नाही. त्यात रिक्षावाले असतात, शाळेतली मुलं असतात, बाजाराची पिशवी हातात घेतलेली सासूसून असते. नदी बघायला आलेली ही माणसं नव्हेत. आज रात्री घरातलं धान्य माळ्यावर चढवायचं की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं असतं.

मी मूळचा साताऱ्याचा, माची पेठेतला. आमच्याकडे पाण्याचा प्रश्न अगदी उलटा. किल्ल्याच्या पायथ्याशी, चढावर घर. नळाला पाणी आलं तरी वरपर्यंत चढता चढता दमायचं. पहाटे हंडे-कळशांची रांग लावून आई नळापाशी बसायची आणि खालच्या पेठेतल्या लोकांनी तोट्या बंद केल्या की मगच आमच्या नळाला धार यायची. त्यामुळे पाणी ही वरून खाली येणारी, मिळवावी लागणारी वस्तू आहे, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. पाणी खालून वर चढतं, जिन्याच्या एकेका पायरीवर बसत बसत येतं, हे मला सांगलीनं शिकवलं.

सातारा हे राजाच्या मर्जीनं वाढलेलं गाव. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावर एकेक पेठ बसत गेली. काही पेठा वारांच्या, काही माणसांच्या: सोमवार, मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, प्रतापगंज. राजानं पेठ वसवायची म्हणजे पाण्याची सोय राजानंच करायची. यवतेश्वरच्या डोंगरातून पाणी आलं, हौद बांधले गेले, प्रतापसिंह महाराजांच्या काळात महादऱ्याचं तळं झालं. १८४८ साली इंग्रजांनी दत्तक वारस नाकारून राज्य खालसा केलं आणि पाचच वर्षांनी, १८५३ मध्ये, साताऱ्याला नगरपालिका आली. पुढे कासचं पाणी आलं. साताऱ्याच्या कारभाराचा इतिहास लिहायचा झाला तर निम्मी पानं नळाची असतील.

आणि हेच सगळं पाणी शेवटी सांगलीला जातं. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा माहुलीला वेण्णेला घेते, कराडला कोयनेला घेते आणि सांगलीजवळ हरिपूरला तिला वारणा मिळते. साताऱ्याच्या डोंगरात धो धो कोसळलेला पाऊस एक-दोन दिवसांत सांगलीच्या घाटावर हजर होतो. कागदोपत्रीही हे दोन जिल्हे एकेकाळी एकच होते. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडच्या भागाला 'दक्षिण सातारा' म्हणत, त्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. माझे वडील काही वर्षं विट्याला शिक्षक होते. त्यांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा दक्षिण सातारा' असा जांभळा शिक्का अजून आहे.

मी १९८४ साली बँकेतला शिकाऊ अधिकारी म्हणून सांगलीला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गणपती पेठेतल्या एका आडत्यानं मला विचारलं, "गाव कुठलं?" सातारा म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाणी सोडणाऱ्यांपैकी तुम्ही." सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणायची, मीही म्हणू लागलो. पुढे बावीस वर्षं, मी कुठेही बदलून गेलो तरी, जुलै महिन्यात आण्णांचा एक फोन ठरलेला असे, "साहेब, तुमच्या गावचं पाणी पोचलं."

सांगलीची पेठ कशी झाली, ते सांगायला हवं. सातारा राज्याभिषेकातून वाढलं, सांगली भाऊबंदकीतून. पटवर्धनांची जहागीर मिरजेला होती. चिंतामणराव आप्पासाहेब वयात आले तेव्हा कारभार काका गंगाधररावांच्या हाती होता. काका-पुतण्यांचं जमेना. १८०१ मध्ये वाटणी झाली, मिरज काकांकडे राहिलं आणि पुतण्यानं कृष्णाकाठच्या सांगली नावाच्या लहानशा गावात आपली राजधानी केली. सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली, असं लोक सांगतात. कुणी संगमावरून सांगली म्हणतात. चिंतामणरावांनी गणेशदुर्ग बांधला, नदीकाठी काळ्या दगडाचं गणपतीचं देऊळ उभं केलं आणि देवळासमोरच्या रस्त्यावर जी बाजारपेठ बसली, ती गणपती पेठ.

माझ्या साताऱ्याच्या कानाला एक गोष्ट चटकन जाणवली. आमच्याकडे ऊठसूट पेठ, इथे 'भाग'. गावभाग, खणभाग, वखारभाग. पेठ म्हटली की वसवणारा डोळ्यांपुढे येतो. भाग म्हटलं की नुसती वाटणी वाटते, आणि वाटणीतूनच जन्मलेल्या गावाला ते शोभूनही दिसतं. वखारभागात खरोखरच वखारी होत्या. त्याला लागून स्टेशन चौक. या चौकात स्टेशन नाही. मिरजेहून सांगलीला रेल्वेची जुनी शाखा येत होती तेव्हाचं ते नाव. रूळ गेले, स्टेशन दुसरीकडे झालं, नाव राहिलं. नवख्या माणसानं रिक्षावाल्याला नुसतं "स्टेशन" म्हटलं, तर तो "चौक का रेल्वे?" असं विचारून घेतो.

संस्थानी गाव असल्यामुळे इथे हौस होती आणि हौसेला आश्रय होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' सांगलीच्या दरबारात केलं. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन आपण त्याच्या आठवणीत पाळतो. बरोबर शंभर वर्षांनी, २४ जुलै १९४३ रोजी, गणेशदुर्गातल्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी उडी घेतली. पाठलाग झाला, गोळीबार झाला, दोन साथीदार हुतात्मा झाले, दादा गोळी लागून पकडले गेले. ती जागा दाखवताना आण्णांचा आवाज नेहमी बदलायचा. त्यांच्या वडिलांनी गोळ्यांचे आवाज पेठेतून ऐकले होते आणि दुकानाच्या फळ्या घाईघाईनं लावल्या होत्या. "शंभर पोती गूळ उघड्यावर होता," आण्णा सांगत, "पण त्या दिवशी एक ढेप कुणी उचलली नाही."

गणपती पेठेत शिरलं की वासावरून दुकान ओळखता येई. गुळाचा जड गोड वास, मिरचीचा ठसका, बेदाण्याचा आंबूस वास, आणि या सगळ्यांच्या तळाशी मातीसारखा हळदीचा. सांगली ही हळदीची पेठ. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. ती शिजवायची, उन्हात वाळवायची, घासून चकचकीत करायची आणि मग पोत्यांतून बाजारात आणायची. इथली राजापुरी हळद तर नावाजलेलीच, पण कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून, मराठवाड्यातूनही माल इथे येतो. हळदीचा वायदेबाजारही सांगलीत होता. सौदे पुढे मार्केट यार्डात गेले. जुन्या घराण्यांच्या गाद्या मात्र कितीतरी वर्षं गणपती पेठेतच राहिल्या.

आडत म्हणजे नुसती दलाली, अशी माझी पुस्तकी कल्पना होती. आण्णांच्या गादीवर महिनाभर बसल्यावर ती गेली. शेतकरी लावणीच्या वेळी उचल न्यायचा, माल आल्यावर ती वळती व्हायची, राहिलेले पैसे तो पुन्हा गादीवरच ठेवून लागतील तसे न्यायचा. आण्णांच्या लाल बासनातल्या वहीत नावापुढे आकडे असत आणि आकड्यांच्या पुढे बारीक मोडी अक्षरात काही शब्द. एकदा मी ते वाचून घेतले. 'धाकटीचं लग्न वैशाखात.' 'विहिरीला पाणी नाही.' 'भाऊ वेगळा झाला.' आमच्या कर्जाच्या अर्जात एकोणतीस रकाने होते आणि त्यांत यांतलं एकही मावत नव्हतं. मी ते हसत हसत आण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुमचे रकाने चुकीचे नाहीत साहेब. पण ते शेतकऱ्यासाठी नाहीत, तुमच्या वरच्या साहेबासाठी आहेत."

आता पेवांबद्दल. 'अमक्याचं पेव फुटलं' हे आपण मराठीत रोज म्हणतो, पण पेव पाहिलेली माणसं थोडी. सांगलीच्या नैऋत्येला, चिंचेच्या झाडांच्या रस्त्यानं गेलं की संगमावर हरिपूर लागतं. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. तिथली जमीन अशी की वीस-पंचवीस फूट खोल खड्डा घेतला तरी ढासळत नाही आणि ओल धरत नाही. तोंड एक माणूस उतरेल एवढंच अरुंद, आत मात्र रांजणासारखा फुगत गेलेला पोकळ घेर. आतून सारवायचं, उसाचा पाला घालायचा, हळद ओतायची, वरून पाला, मग फरशी आणि तिच्यावर मातीचा ढीग. पंधरा-वीस टन माल पोटात घेणारं पेव मी पाहिलं आहे. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, रंग उतरत नाही. हवा नाही तर कीड कुठून येणार? त्याच कारणानं पेव उघडल्यावर माणसानं लगेच उतरायचं नसतं. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. तो विझला तर माणूसही विझणार. आण्णांचा माल ज्यांच्या पेवांत असे त्या तात्यांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी एक पाऊल मागं सरकलो ते पाहून त्यांना फार हसू आलं.

या जमिनीखालच्या मालावर आम्ही कर्ज देत होतो. तारण बँकेच्या ताब्यात हवं, हा नियम. म्हणून पेवाच्या ढिगावर बँकेच्या नावाची पत्र्याची पाटी रोवायची. दर महिन्याला तपासणी. मी सायकलवरून हरिपूरला जायचो, मातीच्या ढिगांभोवती फिरायचो, पाट्या मोजायचो आणि अहवालात लिहायचो, 'मालाची प्रत्यक्ष पाहणी केली. माल सुस्थितीत आहे.' खरं म्हणजे मी पाहिलेली असायची माती. तात्यांच्या शब्दावर लाखोंचा माल सुस्थितीत असे आणि तो खरोखरच तसा असायचा. त्या तीन वर्षांत एकाही पेवातून एक मूठ कमी निघाली नाही.

मधली पंधरा-सोळा वर्षं मी बदल्यांवर होतो. २००३ साली कर्ज विभागाचा अधिकारी म्हणून पुन्हा सांगलीला आलो, तेव्हा गावाचा कारभारच बदलला होता. १९४८ पर्यंत इथे संस्थान, नंतर नगरपालिका, आणि ९ फेब्रुवारी १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांची वाटणी झाली ती सांगली आणि मिरज एका सभागृहात पुन्हा एकत्र बसली, ही गंमत इतिहासकारांनी टिपली की नाही, मला माहीत नाही. सांगली व्यापाराचं गाव. मिरज हे रेल्वे जंक्शनचं, १८९४ पासूनच्या मिशन इस्पितळाचं आणि सतार-तंबोऱ्यांचं. ज्यांचा देह तिथे ठेवला त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं. कुपवाड कारखान्यांचं. तिघांचे स्वभाव वेगळे, तक्रारी वेगळ्या. सांगलीकर म्हणणार सगळा निधी मिरजेला जातो, मिरजकर म्हणणार सांगलीच सगळं खाते, आणि कुपवाडकर दोघांकडे बघत आपल्या रस्त्यातले खड्डे मोजणार.

तिन्ही गावं जोडली गेल्यावर मध्य सरकला. विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय सुरू झालं तेव्हा ती गावाबाहेरची मोकळी हवा होती. आता ते शहराचं भर वस्तीतलं ठिकाण. बंगले तिकडे, दवाखाने तिकडे, कपड्यांची मोठी दुकानं तिकडे. सांगलीनं हळूहळू नदीकडे पाठ केली. ज्यांना विश्रामबाग परवडत नव्हती त्यांनी शामरावनगरसारख्या सखल काळ्या रानात गुंठा-गुंठा जमीन घेऊन घरं बांधली. पावसाळ्यात पाणी जायला तिथे वाटच नाही. नकाशावर पूररेषा निळी-लाल आखलेली असते, पण गुंठेवारीत जागा घेणारा माणूस नकाशा बघून घेत नाही, हातातले पैसे बघून घेतो. पालिकेची मंडळी ते ओळखून असतात. पाणी चढलं की दोघंही एकाच बोटीत बसतात.

गणपती पेठ मात्र होती तिथेच होती. आण्णांना मी विचारलं, धंदा तिकडे का हलवत नाही? ते म्हणाले, "गादी हलवायला चार हमाल लागतात. गिऱ्हाईक हलवायला दोन पिढ्या लागतात."

२००५ सालचा जुलै. २६ तारखेला मुंबई बुडाली आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. त्याच दिवसांत साताऱ्याच्या डोंगरातही पाऊस थांबत नव्हता. शुक्रवारी दुपारी आण्णा आणि तात्या दोघे छत्र्या गाळत शाखेत आले. तात्या एरवी बँकेच्या पायरीवर चपला काढून ठेवत. त्या दिवशी ते चिखलाच्या पायांनीच आत आले.

"साहेब, माल काढायला परवानगी द्या," तात्या म्हणाले. "पाणी येनार. पेवांपतूर येनार."

"पेवांपर्यंत याआधी कधी आलं होतं?"

"माझ्या हयातीत न्हाई. पर वारणा पाणी घेईना झालीया. कृष्णा मागं दाबतीया तिला. दोन दिस हाईत, साहेब. गडी हाईत, ट्रक हाय. आण्णांचं यार्डातलं गोडाऊन रिकामं हाय."

माल बँकेच्या तारणात. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा तर वरच्या कचेरीची मंजुरी लागे. माझ्या सहीचा अधिकार त्या रकमेच्या एक चतुर्थांशापर्यंतच होता. मी वरच्या कचेरीला फोन लावला. साहेब म्हणाले, लेखी पाठवा. मी फॅक्स पाठवला. शनिवारी अर्धा दिवस गेला, उत्तर नाही. रविवारी सुट्टी. माझ्यापुढे दोन रस्ते होते. अधिकार ओलांडून सही करायची, किंवा थांबायचं. मी थांबलो. तात्या रविवारी संध्याकाळी घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "निदान तुमच्या सहीत बसतो तेवढा तरी सोडा." मी म्हणालो, "थोडा सोडला तरी वरून विचारतील, बाकीचा धोक्यात आहे हे ठाऊक असताना निम्माच का सोडलात." हे वाक्य मला आजही शब्दशः आठवतं. त्या वेळी ते मला तर्कशुद्ध वाटलं होतं.

मंजुरी सोमवारी आली. तोवर हरिपूरचा रस्ता पाण्याखाली गेला होता.

पुढचे दिवस सगळ्यांनी पाहिले आहेत. ५३ फुटांच्या पुढे पाणी गेलं. आमच्या शाखेच्या तळमजल्यात लेजर भिजले, ते आम्ही नंतर गच्चीवर पापडांसारखे वाळवले. पाणी उतरल्यावर मी हरिपूरला गेलो. पेवांची तोंडं उघडली होती आणि त्यांतून पंपानं पाणी उपसत होते. पिवळं पाणी. ते रस्त्यावरून ओघळत परत नदीकडे चाललं होतं. हळद फुगून, आंबून गेली होती. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. बँकेच्या पाट्या वाहून गेल्या होत्या. एक तेवढी एका चिंचेच्या बुंध्याला अडकली होती, ती तात्यांनी काढून धुऊन ठेवली होती. माझ्या हातात दिली. "बँकेची वस्तू हाय," म्हणाले.

विम्याचे कागद काढले. विमा आगीचा होता, चोरीचा होता. हप्ता कमी बसावा म्हणून पुराचं कलम वगळलेलं होतं. दरसाल नूतनीकरण होत आलं होतं आणि २००३ नंतरच्या दोन नूतनीकरणांवर सही माझी होती. चौकशी झाली. चौकशीच्या अहवालात माझ्याबद्दल एक वाक्य आलं: 'संबंधित अधिकाऱ्याने विहित कार्यपद्धतीचे पालन केल्याचे दिसून येते.' ते वाक्य माझ्या सेवापुस्तकात आहे. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या माझ्या पेन्शनमध्येही ते आहे, असं कधी कधी वाटतं.

आण्णांनी कर्ज बुडवलं नाही. गणपती पेठेतली गादी विकली आणि चार वर्षांत सगळं फेडलं. तात्यांचं कर्ज नव्हतं, पण पेवंच निकामी झाली होती. ओल धरलेली जमीन पुन्हा कोरडी होईना, काही पेवं ढासळली, काही बुजवली. व्यापाऱ्यांनी माल गोदामांत आणि शीतगृहांत ठेवायला सुरुवात केली. हळदीचा देशभराचा वायदा २००४ पासूनच संगणकावर गेला होता. ज्या दोन गावांच्या बाजारांत मी वाढलो, त्यांच्या बँकाही पुढच्या दोन वर्षांत गेल्या. साताऱ्याची १९३६ सालची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये मिळाली, सांगलीची १९१६ सालची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. मी या दोन्हींत नव्हतो, पण पाट्या उतरल्या तेव्हा दोन्ही गावांतल्या माझ्या मित्रांचे चेहरे घरातलं माणूस गेल्यासारखे झाले होते. आता आडत्याला आणि त्याच्या शेतकऱ्याला नावानं ओळखणारा अधिकारी दर तीन वर्षांनी बदलतो. तसा तो आमच्या वेळीही बदलत असे, हेही खरं. पण वरची कचेरी तरी एस.टी.नं जाऊन गाठता येत होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीनं २००५ चा आकडाही मागे टाकला. ५७ फुटांच्या वर. मी त्याच वर्षी निवृत्त होऊन साताऱ्याला परतलो होतो. दूरदर्शनच्या पडद्यावर मारुती चौक, स्टेशन चौक, गणपती पेठ ओळखू येत नव्हती. दुकानांच्या पाट्यांवरून अंदाज करावा लागत होता. २०२१ मध्ये पुन्हा तेच. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीनं किती अडवलं, यावर तेव्हापासून वाद चालू आहेत. त्यात पडण्याइतका मी तज्ज्ञ नाही. आणि हीच सांगली, एप्रिल २०१६ मध्ये, तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी पाठवत होती. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग आमच्या माची पेठेला का नाही पाठवलं?

एक कबुली राहिली. माझ्या एका कादंबरीत मी हा प्रसंग घातला आहे. तिथे अधिकारी रविवारी रात्री दिव्याच्या उजेडात सही करतो, ट्रक निघतात, हळद वाचते आणि पुढे त्याची बदली होते. वाचकांना तो अधिकारी आवडला, पत्रं आली. आण्णांना मी प्रत पाठवली नव्हती. त्यांनी ती विकत घेऊन वाचली. नव्वदीला टेकले होते. फोनवर म्हणाले, "साहेब, पुस्तक वाचलं. पुस्तकात बरं केलंत." एवढंच. मग विचारलं, "साताऱ्याला पाऊस कसा काय आहे?"

आण्णा पुढच्या वर्षी गेले. मी गेल्या उन्हाळ्यात हरिपूरला जाऊन आलो. तात्याही आता नाहीत. त्यांचा मुलगा आहे, चाळिशी ओलांडलेला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात हरिपूरच्या पेवांचा मान मोठा. त्यामुळे अधूनमधून शाळांच्या सहली आणि कॅमेरेवाले येतात. बरीचशी पेवं बुजलेली. त्यानं दोन दुरुस्त केली आहेत. एकाची फरशी बाजूला केली, दोरीला कंदील बांधून आत सोडला आणि मला मागं उभं राहायची खूण केली. कंदील खाली जाऊन मिणमिणत राहिला.

"अजून दोन करायची हाईत काका," तो म्हणाला. "पर बँकवाले म्हणत्यात, पेव तारण बसत न्हाई. तुम्ही बँकेत होता न्हवं? कागद बघता का?"

चिंचेखाली बाजेवर बसून आम्ही कागद बघितले. त्याचा अंदाजपत्रकाचा तक्ता नीट होता. मजुरी थोडी कमी धरली होती, ती वाढवायला सांगितली. जमिनीच्या उताऱ्यावर कर्ज मागायचं, पेवावर नाही, म्हणजे रकाना अडणार नाही, हे समजावलं. आणि उठताना म्हणालो, विमा घेशील तेव्हा पुराचं कलम बघून घे, हप्ता जास्त पडला तरी चालेल.

त्यानं कागद गुंडाळून पिशवीत घातले. "ते व्हय," तो म्हणाला, "ते आमाला दोन हजार पाचलाच कळलंय की."